पंडिता रमाबाई : नीतिमत्त्वाचे उरस्त्राण



जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. आपल्यापैकी अनेकांनी त्या मंडपात एखादा दिवस काढला असेल. संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे धर्मगुरू आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्या निमित्ताने ख्रिस्ती मराठी साहित्याची चर्चा आपल्या जिल्ह्यात बरीच झाली. फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’, बाबा पदमनजी यांचे १८५७ चे ‘यमुनापर्यटन’, नारायण वामन टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही नावे आपण या अभ्यासक्रमात आधी पाहिली आहेत. या घटकात आपण पंडिता रमाबाईंचे चरित्र अभ्यासणार आहोत. समाजसुधारक म्हणून त्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या धर्मजीवनाकडे मात्र अभ्यासक्रमांतून बहुधा एका वाक्यात पाहिले जाते: त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, इतकेच. ते एक वाक्य उलगडून पाहणे हा या घटकाचा हेतू आहे.

एका शब्दापासून आरंभ

चरित्राकडे वळण्यापूर्वी एका शब्दापाशी थोडे थांबू. संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ती माणसाच्या शस्त्रसामग्रीचे रूपक आहे. पौलाच्या डोळ्यांसमोर रोमन शिपाई आहे. कमरपट्टा, पायतण, ढाल, शिरस्त्राण, तलवार अशा एकेका वस्तूला तो एकेका आध्यात्मिक गुणाची जोड देतो. छातीवरच्या कवचाला त्याने ज्या गुणाचे नाव दिले, त्याला मराठी बायबलात ‘नीतिमत्त्व’ म्हटले आहे आणि त्या कवचाला ‘उरस्त्राण’. हिंदी बायबलात याच जागी ‘धार्मिकता’ आणि ‘झिलम’ हे शब्द येतात. मूळ ग्रीक शब्द एकच असताना दोन शेजारी भाषांनी दोन वाटा धरल्या. हिंदीने धर्माची वाट धरली, मराठीने नीतीची.

ग्रीकमधील तो शब्द, ‘दिकाइओसुने’, न्याय आणि सदाचरण या दोन्ही अर्थांना कवेत घेतो. न्यायासनापुढे निर्दोष ठरणे आणि सरळ मार्गाने वागणे या दोन्ही छटा त्यात आहेत. मराठीत ‘न्याय’ म्हटले की कचेरी आठवते, ‘पुण्य’ म्हटले की साठवण आठवते, ‘सदाचार’ म्हटले की केवळ वर्तन. म्हणून भाषांतरकारांनी ‘नीतिमत्त्व’ असा काहीसा जड शब्द योजला. ‘उरस्त्राण’ही बोलीतला नाही. आपण ‘चिलखत’ म्हणतो. प्रतापगडाखालच्या भेटीला शिवराय अंगरख्याच्या आत चिलखत घालून गेले होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ‘उरस्’ आणि ‘त्राण’ अशी फोड केली की लक्षात येते, शब्दातच रक्षणाची कल्पना आहे. आपण ‘अंगात त्राण उरले नाही’ म्हणतो, तेव्हा त्राण म्हणजे बळ. संस्कृतात त्राण म्हणजे रक्षण. छाती झाकणारे रक्षण, कारण छातीच्या आत काळीज असते.

आमच्या अभ्यास केंद्रातील एका संपर्क सत्रात एका विद्यार्थिनीने मला विचारले होते की माणूस नीतीने वागला तर त्याचे रक्षण होते, हे खरे कसे मानायचे? नीतीने वागणाऱ्यांचेच हाल जास्त होतात. प्रश्न अगदी योग्य आहे. पौलाचे रूपकही तितके सोपे नाही. हे कवच त्याने यशया या जुन्या संदेष्ट्याच्या ग्रंथातून उचललेले आहे आणि तेथे ते स्वतः परमेश्वर धारण करतो. म्हणजे शिपायाच्या अंगावर जे आहे ते त्याने स्वतः घडवलेले नाही. ते धन्याचे आहे, शिपायाला दिलेले आहे. तरीही ते अंगावर चढवण्याचे काम शिपायाचेच. ख्रिस्ती विचारात या दोन बाजूंवर शतकानुशतके वाद झाले. माणसाचे नीतिमत्त्व त्याने आचरणाने मिळवलेले असते की विश्वासाने लाभलेले असते, या मुद्द्यावर सोळाव्या शतकात युरोपातील चर्च दुभंगले. रमाबाईंच्या आयुष्यात हा वाद ग्रंथातला राहिला नाही, म्हणून हा शब्द आरंभीच घेतला.

दुष्काळातले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. स्त्रीला संस्कृत शिकवू नये हा संकेत त्यांनी मोडला आणि पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकवले. या गुन्ह्याबद्दल त्यांना शास्त्रार्थही करावा लागला. लक्ष्मीबाईंनी धाकट्या मुलीला पहाटेच्या वेळी मुखोद्गत पाठ दिले. बारा वर्षांची होईपर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला पाठ होते, असे चरित्रकार सांगतात. आश्रमाचा खर्च झेपेनासा झाला तेव्हा कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे, श्रोते देतील त्यावर गुजराण करायची, अशी ती वर्षे होती.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. आपल्या भागात दुष्काळ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९७२ साली सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या आज्या आपल्या घरांत होत्या, काहींच्या घरी अजूनही असतील. पण अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाची अडचण आणखी एका पदरी होती. अंगमेहनत करणे त्यांच्या कुलाचाराला मान्य नव्हते आणि भीक मागणेही जमत नव्हते. जवळचे पैसे त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानांत घातले होते. पुण्य पाठीशी असेल तर देव राखील, ही त्यांची निष्ठा होती. अन्न संपले, भांडी विकली, मग रानातली पाने खाल्ली. वृद्ध पित्याने पवित्र तीर्थात जलसमाधी घेण्याचे ठरवले, तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण मजुरी करू असे म्हणाला. तोवर उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई गेली, त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली.

या प्रसंगांकडे उपहासाने पाहू नका. रमाबाईंनी पुढे या आठवणी लिहिल्या, त्यांत आईवडिलांविषयी अपार प्रेम आहे. ती माणसे दांभिक नव्हती. त्यांना जे कवच ठाऊक होते ते त्यांनी मनोभावे धारण केले होते. पोरकी झालेली ही बहीणभावंडे मग पायीच उत्तरेकडे निघाली. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन रात्र काढली. काश्मीरपासून आसामपर्यंत ती चालली. या वाटेवर दोघांचीही रूढ आचारांवरील श्रद्धा हळूहळू सुटली.

१८७८ मध्ये दोघे कोलकात्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी ओघवते संस्कृत बोलते हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेद ठेवला. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. सिल्चरच्या त्या अल्प संसारात लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली होती. त्या ती आवडीने वाचत.

‘नीति’ ते ‘नीतिमत्त्व’

१८८२ मध्ये रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळाने त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या नावातील ‘नीति’ लक्षात ठेवा. स्त्रियांनी विद्या, उद्योग, नीटनेटकेपणा आणि स्वावलंबन यांच्या बळावर स्वतःची उन्नती साधावी, असा त्याचा रोख आहे. आज वाचताना हे पुस्तक पुष्कळसे उपदेशपर वाटते, क्वचित बायकांनाच दोष देणारेही वाटते. माझ्या मते ते रमाबाईंच्या लेखनात दुय्यम आहे. पण त्याच्या विक्रीतून १८८३ मध्ये इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला.

हेतू वैद्यकीय शिक्षणाचा होता. कानांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो मागे पडला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे त्या राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे विष घेऊन जीव दिला. परक्या देशात, भाषा अजून पुरती येत नसताना, हा आघात रमाबाईंनी सोसला आणि त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांचे मन कशाने वळले? त्यांनी स्वतः पुढे ‘साक्ष’ या पुस्तिकेत कारण सांगितले आहे. भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथील एका आश्रमात नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा होता. त्या स्त्रियांशी भगिनी ममतेने वागत होत्या आणि त्यांतल्या काहीजणी पुढे स्वतःच इतर पीडितांची सेवा करत होत्या. रमाबाईंना हे नवीन होते. त्यांनी कारण विचारले तेव्हा योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर भेटलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू बोलतो आणि तिला हिणवत नाही. पंडितेच्या ज्ञानभांडारात शास्त्रे पुष्कळ होती. अशा बाईला पुन्हा उभे करणारे नीतिमत्त्व मात्र त्यांना तेथे सापडले नव्हते. ही त्यांची भावना होती. तिच्याशी सहमत होणे आपल्यावर बंधनकारक नाही, पण ती समजून घेतल्याशिवाय पुढचे चरित्र कळणार नाही.

महाराष्ट्रात धर्मांतराच्या बातमीने खळबळ उडाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ मधून रमाबाईंची बाजू घेतली.

इकडे इंग्लंडमध्ये वेगळाच संघर्ष चालू होता. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. नवख्रिस्ती शिष्येने आज्ञेत राहावे अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाई तशा राहणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धान्त पटल्याखेरीज त्या तो मान्य करेनात. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी त्या हरकतीमागचे तर्कशास्त्र विचारले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. भगिनींना तो जातीचा अभिमान वाटला. आम्हा भाषेच्या लोकांना सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग क्रूसाचा आहे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. मायदेशातील बायकांना न कळणारी भाषा आपण का मिरवावी, अक्षरे हवीतच तर संस्कृत असावीत, असे त्यांनी कळवले. संस्कृत देववाणी आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून.

जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. त्यांचे पूर्ण चुकले असे मी म्हणणार नाही, कारण पत्रांमधील रमाबाईंचा सूर कधीकधी धारदार आहे. पण सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही हवाली करायची नाही, हा त्यांचा हट्ट अनंतशास्त्र्यांकडून आलेला होता. ज्या हट्टाने बापाने बायकोला संस्कृत शिकवले, त्याच हट्टाने मुलगी बिशपांना प्रश्न विचारत होती.

शारदा सदन आणि १८९३

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टनमध्ये त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देणारा संघ स्थापन झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. बालविधवांना निवारा आणि शिक्षण देणारी ही संस्था कोणताही धर्म शिकवणार नाही, असे ठरलेले होते. आरंभीच्या विद्यार्थिनींतील गोदूबाई या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, म्हणून ओळखल्या गेल्या.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनात एक मोठे स्थित्यंतर झाले. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे प्रवचने करणाऱ्या या गृहस्थाला एके दिवशी उमगले होते की ज्या श्रद्धेविषयी आपण बोलतो ती आपल्याच ठायी नाही. रमाबाईंनी पुस्तक खाली ठेवून स्वतःला तपासले. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती. सिद्धान्त बहुतेक पटले होते. नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने त्रैक्याविषयीच्या शंकाही फिटत आल्या होत्या. आचरण निष्कलंक होते आणि परोपकार तर अहोरात्र चालू होता. तरीही त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. आपण अजून स्वतःच्या चांगुलपणावर उभे आहोत. दुष्काळात वडिलांनी पुण्यावर भिस्त ठेवली होती, तशीच आपण सत्कार्यावर ठेवत आहोत, अशी काहीशी ही ओळख होती. ही तुलना माझी आहे. त्यांच्या आठवणी आणि ‘साक्ष’ शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की ती टाळता येत नाही. आरंभी आपण पाहिले की पौलाच्या रूपकातील कवच शिपायाने घडवलेले नसते. रमाबाईंना ते या वर्षी कळले.

या बदलाची किंमत लगेच चुकवावी लागली. त्या आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. कोणी बोलावले नव्हते आणि कोणी हाकललेही नाही. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागताच पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले.

येथे दोन्ही बाजू नीट तोला. रमाबाईंचे म्हणणे असे होते की आपण कोणाला शिकवत नाही, पण स्वतःची प्रार्थना चोरून करणार नाही. इतर मुलींना त्यांच्या पद्धतीने पूजा करण्यास संस्थेत मोकळीक आहे, तशी आपल्यालाही आहे. हे म्हणणे प्रामाणिक होते. पण सल्लागारांचा आक्षेपही पोकळ नव्हता. ज्या बाईने आसरा दिला, माया दिली, तिच्या उघड्या दारातून पोरक्या मुलीने आत येणे हा पूर्ण मोकळा निर्णय असतो का? तटस्थतेच्या आश्वासनावर विसंबून ज्यांनी समाजाचा रोष पत्करून मुली पाठवल्या होत्या, त्यांची फसगत झाल्याची भावना खोटी म्हणता येत नाही. माझे मत विचाराल तर, १८८९ मध्ये दिलेले वचन आणि १८९१ नंतरच्या रमाबाई यांचा मेळ बसणे अशक्य होते. दार बंद करून घेणे त्यांना शक्य होते. त्यांनी ते बंद केले नाही आणि त्यांच्या दृष्टीने सचोटीचा अर्थ तोच होता. तुम्ही काय केले असते, याचा विचार हा परिच्छेद पुन्हा वाचून करा. उत्तरपत्रिकेत कोणतीही एक बाजू घेतलीत तरी चालेल, मात्र दुसरी बाजू गाळू नका.

त्या काळात रमाबाईंवर झालेल्या आरोपांना त्यांनी फार थोडी उत्तरे दिली. उरलेल्या मुलींना घेऊन त्या काम करत राहिल्या. संपर्क सत्रातील त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. नीतिमत्त्वाने त्यांना टीकेपासून वाचवले नाही, मित्रही गमावले. वाचवले ते आतून येणाऱ्या घावापासून. लोक म्हणतात तशी मी आहे का, हा प्रश्न ज्याला त्याला रात्री एकट्याला सोडवावा लागतो. स्वतःच्या चांगुलपणावरच भिस्त असेल, तर प्रत्येक आरोप काळजात शिरतो.

केडगाव

धाराशिवहून रेल्वेने पुण्याला जाताना कुर्डुवाडी आणि दौंड मागे पडले की केडगाव लागते. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. या गावी रमाबाईंनी शेतजमीन घेतली होती. संस्थेला उत्पन्न असावे म्हणून फळबाग करावी, एवढाच बेत होता.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे कोवळे वय आठवले असणार. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन परतल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना, म्हणून सगळ्यांना केडगावच्या माळावर नेले. ‘मुक्ती’ सदनाचा आरंभ असा झाला. नावामागे यशयाच्या ग्रंथातील एक प्रतिमा आहे. तेथे नगराच्या तटालाच तारण असे नाव दिलेले आहे. पुन्हा रक्षणाचीच कल्पना. या वेळी मात्र ती एका छातीपुरती राहिली नव्हती.

१८९७ चा आणखी एक प्रसंग चरित्रांत थोडक्यात उरकला जातो, तो येथे मुद्दाम नोंदवतो. प्लेगच्या रुग्णालयांत आणि छावण्यांत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहिले. त्यांच्या आश्रमातील एका मुलीचीच ती कथा होती. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. ज्या सरकारचा धर्म त्यांनी स्वीकारला म्हणून त्यांना हिणवले जाई, त्याच सरकारला त्या जाब विचारत होत्या. त्या उन्हाळ्यात ‘केसरी’ही प्लेगच्या व्यवस्थेवर तुटून पडत होता. चार वर्षांपूर्वीचे विरोधक न ठरवता एकाच बाजूला उभे होते.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना असे उद्योग मुली शिकल्या. दृष्टिहीन मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय झाली, त्यात मनोरमेचा मोठा वाटा होता. आणि ‘कृपा सदन’ निघाले. फसवल्या गेलेल्या, कुटुंबाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ते होते. फुलमच्या आश्रमात जे पाहिले होते, ते सोळा वर्षांनी पुणे जिल्ह्यातील माळावर उभे राहिले. मनोरमेने पुढे गुलबर्ग्यात शाळा चालवली. गुलबर्गा आणि आपला जिल्हा दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि उमरग्याकडच्या विद्यार्थ्यांना ते गाव परके नाही.

शब्दांची शेवटची लढाई

१९०५ नंतरच्या काळात रमाबाईंनी बायबलच्या नव्या मराठी भाषांतराचे काम आपल्या शिरावर घेतले. भाषांतर मराठीत नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपासून अनेकांनी ते केले होते. पण प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. शिवाय, जुन्या शास्त्रांतले शब्द आपल्यासोबत जुने अर्थ घेऊन येतात, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? भागवत मुखोद्गत असलेली बाई संस्कृत शब्द टाळू पाहते, यातील विसंगती वरवरची आहे. ज्याला शब्दाचे वजन माहीत असते तोच तो उचलण्यापूर्वी विचार करतो. मूळापासून भाषांतर करायचे म्हणून त्या चाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्या आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांनी या वयाची नोंद घ्यावी.

भाषाशास्त्राच्या कसोटीवर हे भाषांतर सर्वत्र यशस्वी झाले असे म्हणवत नाही. शब्दशः अचूकतेच्या ध्यासामुळे वाक्ये काही ठिकाणी अडखळतात. पण एका स्त्रीने, मूळ भाषांवरून, संपूर्ण बायबल मराठीत आणले ही घटनाच असाधारण आहे. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छपाई ही कामे मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांनी केली. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली आता हिब्रू आणि ग्रीक अक्षरे हाताळत होत्या.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईनंतर संस्था तीच सांभाळणार असे सर्वांनी धरले होते. रमाबाईंचे कान जवळजवळ बंद झाले होते, प्रकृती ढासळली होती, तरी मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. छापखान्यातील बायकांनी उरलेले फर्मे छापले आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बांधून बाहेर पडला.